‘जुनं अ‍ॅपच बरं होतं’ असं लोक का म्हणतात? उत्तर भामरागडमध्ये आहे

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याआधी ५ मे २०२५ ला स्काईप बंद झालं. अशी बातमी आली की सोशल मीडियावर ठरलेली गोष्ट होते. कोणी विंडोज एक्सपीचा हिरव्या टेकडीचा वॉलपेपर टाकतं, कोणी विनॅम्पचा स्क्रीनशॉट. खाली कमेंट येतात : ‘काय दिवस होते यार’, ‘तेव्हाचं सॉफ्टवेअर किती हलकं होतं’, ‘आता सगळ्याला लॉगिन लागतं’.

तुमचं वय वीसच्या आसपास असेल तर हे वाचून हसू येईल. फ्लॉपी तुम्ही फक्त ‘सेव्ह’च्या चिन्हात पाहिली असेल. आणि आठवणींचा हा बाजार बऱ्याचदा खोटाही असतो. विंडोज एक्सपी किती वेळा अडकायचं, पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस कसा शिरायचा, हे त्या पोस्टमध्ये कुणी लिहीत नाही.

पण ‘जुनंच बरं होतं’ हे वाक्य दोन वेगवेगळी माणसं दोन वेगळ्या अर्थांनी म्हणतात. पहिल्याला आपलं बालपण आठवत असतं. दुसऱ्याचं आजचं काम अडलेलं असतं. पहिली आठवण आहे, दुसरी तक्रार आहे. आपण दोन्हीला ‘नॉस्टॅल्जिया’ हे एकच लेबल लावतो आणि दुसऱ्या माणसाची तक्रार ऐकायची राहून जाते.

हा दुसरा प्रकार समजून घ्यायचा असेल तर पुण्या-मुंबईतून नीट दिसत नाही. मी गडचिरोली जिल्ह्यात वाढले आणि आता पुण्यात मोबाइल अ‍ॅप बनवण्याचं काम करते. म्हणून आज मी तुम्हाला भामरागडला नेते. विषय आहे अंगणवाडी सेविकांच्या हातातलं अ‍ॅप.

भामरागडच का?

भामरागड हा गडचिरोली जिल्ह्याचा छत्तीसगडला लागून असलेला तालुका. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम इथं आहे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये ज्या हेमलकशात सुरू झाला, ते गाव इथून तीनेक किलोमीटरवर. इथले बहुतेक लोक माडिया, आणि घरातली भाषाही माडिया.

भामरागडला जायचा मुख्य रस्ता आलापल्लीहून येतो, साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून. गावाच्या तोंडाशी पर्लकोटा नदी आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला आणि पुलावरून पाणी गेलं की तालुका जिल्ह्यापासून तुटतो. ही दरवर्षीची गोष्ट आहे, एखाद्या वर्षीचा अपघात नव्हे.

त्यामुळे इथल्या प्रशासनाला एक गोष्ट फार आधीपासून कळलेली आहे : जे लागणार ते पावसाआधी पोचवून ठेवायचं. १९९५ पासूनच्या नवसंजीवन योजनेत पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांना रेशनचं धान्य आधीच पोचवण्याची सोय आहे. पूर आल्यावर ट्रक पाठवू, असं इथं कुणी म्हणत नाही.

ही धान्याची पद्धत लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ‘लोकल कॅश’ म्हणतात : लागणारी वस्तू वापरणाऱ्याच्या जवळ आधीच ठेवणं. धान्याच्या बाबतीत सरकारला जे तीस वर्षांपूर्वी समजलं, ते अ‍ॅपच्या बाबतीत समजलंय का? आजचा आपला प्रश्न हा आहे.

आधी एक अ‍ॅप होतं, मग दुसरं आलं

अंगणवाडी सेविका म्हणजे नक्की काय काम? सहा वर्षांखालच्या मुलांचं वजन-उंची घेणं, गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद ठेवणं, पोषण आहार देणं, लसीकरणाला बोलावणं, गृहभेटी. हे सगळं पूर्वी अकरा रजिस्टरांमध्ये लिहिलं जायचं.

मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि त्यासोबत सेविकांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप पसरत गेलं. त्याचं नाव कॉमन अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर, सगळे त्याला ‘कॅस’ म्हणायचे. अकरापैकी दहा रजिस्टरं त्यात आली. महाराष्ट्रात ते मराठीत चालायचं. २०१९ मध्ये राज्यातल्या सेविकांना सरकारने स्मार्टफोन दिले.

२०२० मध्ये कॅस बंद झालं. १ मार्च २०२१ पासून त्याच्या जागी केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर आलं. फोन तेच जुने, २ जीबी रॅमचे. अ‍ॅप नवं आणि सुरुवातीला मराठीत नव्हतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी हे फोन सरकारला परत करायला सुरुवात केली. आंदोलनाचं हे रूप बघा : मोर्चा निघतो, आणि बाया आपल्या पिशवीतून फोन काढून सरकारी टेबलावर ठेवतात. तक्रारी साध्या होत्या. फोन तापतो. अडकतो. रॅम कमी पडते. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी. आणि अ‍ॅप इंग्रजीत; आधीचं तर मराठीत होतं.

त्या वेळी शहरात या बातमीवर एक सूर होता : ‘यांना तंत्रज्ञान नकोच आहे.’ पण नीट पाहिलं तर या बायांनी आधी एक अ‍ॅप वापरलं होतं. ‘आम्हाला मोबाइल नको’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं तर ते २०१९ मध्येच ऐकू आलं असतं. २०२१ ची तक्रार तुलनेतून आली होती. वापरलेल्या दोन गोष्टींत कोणती काम करते हे त्यांना माहीत होतं. इंजिनिअरच्या भाषेत हा बग रिपोर्ट होता. फक्त तो इंग्रजीत टाइप केलेला नव्हता.

जुन्या अ‍ॅपमध्ये असं काय होतं?

कॅस ज्या पायावर उभं होतं त्याचं नाव कॉमकेअर. डिमागी नावाच्या अमेरिकी कंपनीचं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. गंमत अशी की कॉमकेअरचा जन्म स्मार्टफोनवर झालेला नाही. ते सुरुवातीला नोकियासारख्या बटणांच्या साध्या फोनवर, जावामध्ये चालायचं. मेमरी थोडी, पडदा छोटा, आणि इंटरनेट असेल तर असेल.

म्हणून त्याची रचनाच अशी झाली : फॉर्म आधी फोनमध्ये येऊन बसतात. माहिती भरली की ती फोनमध्येच साठते. रेंज मिळाली की जमा झालेलं सगळं सर्व्हरला जातं. याला ‘ऑफलाइन-फर्स्ट’ म्हणतात. आज परिषदांमध्ये हा शब्द मोठ्या थाटात वापरला जातो, पण त्यामागचं कारण अगदी साधं होतं : तेव्हा नेटवर भरवसा ठेवायची सोयच नव्हती.

यातली तांत्रिक बाजू एक मिनिट समजून घेऊ.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आत्ता या क्षणी एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस आहे. तो २००० मध्ये पहिल्यांदा आला. तो सी भाषेत लिहिलेला आहे आणि सी ही भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. म्हणजे ‘जुनं’ म्हणून आपण ज्यावर हसतो ते आपल्या खिशात रोज काम करतंय. या डेटाबेसला सर्व्हर लागत नाही. फोनमधल्या एका फाइलमध्ये तो सगळं ठेवतो.

ऑफलाइन-फर्स्ट अ‍ॅप आधी या फाइलमध्ये लिहितं आणि लगेच ‘नोंद झाली’ सांगतं. मग मागे एक यादी ठेवतं : अजून सर्व्हरला न गेलेल्या नोंदी. रेंज आली की यादी रिकामी होते. दुसऱ्या प्रकारचं अ‍ॅप आधी सर्व्हरला विचारतं आणि उत्तर आलं तरच पुढे जातं. उत्तर नाही आलं तर गोल चक्र फिरत राहतं. ते चक्र तुम्हाला चांगलंच ओळखीचं असेल.

आता हिशेब करून पाहू. समजा, एका मुलाच्या वजन-उंचीची नोंद २ केबीची आहे आणि २जीवर प्रत्यक्षात १०० केबीपीएस वेग मिळतोय. ती नोंद सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत जाते. दिवसभरात पाच मिनिटं जरी रेंज आली तरी अख्ख्या अंगणवाडीचं काम पोचतं. आता समजा, त्याच अ‍ॅपचं ६० एमबीचं अपडेट आलंय आणि ते केल्याशिवाय अ‍ॅप उघडत नाही. त्याच वेगाने ते उतरायला ८० मिनिटं लागतील, तीही मध्ये एकदाही रेंज गेली नाही तर.

म्हणजे भामरागडच्या रेंजवर काम अशक्य नाही. अशक्य होतं ते अ‍ॅप बनवणाऱ्याच्या गृहीतकांमुळे.

रॅमचंही तसंच. २ जीबी रॅममधली बरीचशी अँड्रॉइड स्वतः आणि गूगलच्या सेवा खातात. उरलेल्या जागेत तुमचं अ‍ॅप बसतं. ते जड असेल तर अँड्रॉइड मागची अ‍ॅप बंद करत जातं, आणि सेविकेने कॅमेरा उघडून परत यावं तर अर्धवट भरलेला फॉर्म गायब. अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या टेबलावर ८ किंवा १२ जीबीचे फोन असतात. तिथं हा प्रकार घडतच नाही, म्हणून तो दिसतही नाही.

आता चेहरा ओळखायचा आहे

ही २०२१ ची जुनी गोष्ट झाली, असं वाटेल. पोषण ट्रॅकरमध्ये नंतर मराठीसह बऱ्याच भारतीय भाषा आल्या, हेही खरं. पण मूळ प्रश्न संपलेला नाही. तो नव्या रूपात समोर आहे.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात, तो देताना लाभार्थीचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. हा आहार गरोदर आणि स्तनदा मातांना आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मिळतो. मूल लहान असेल तर आईचा किंवा पालकाचा चेहरा.

पद्धत साधारण अशी. आधी आधारवरून ईकेवायसी. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो. मग अ‍ॅपमध्ये चेहऱ्याचा फोटो. त्यानंतर आहार देताना समोरच्या बाईचा चेहरा नोंदीशी जुळवायचा.

सरकारचं म्हणणं समजून घ्यायला हवं. खोट्या नावांवर आहार उचलला जाऊ नये, खऱ्या लाभार्थीपर्यंत तो पोचल्याचा पुरावा असावा. हा हेतू चुकीचा नाही. आपल्याकडे कागदावर वाटप आणि प्रत्यक्षात रिकामी पोती हे लोकांनी पाहिलेलं आहे.

पण आता एकेक पायरी भामरागडमध्ये ठेवून बघा. ओटीपी यायला रेंज पाहिजे. आधारला नंबर जोडलेला पाहिजे. तो नंबर चालू पाहिजे, म्हणजे रिचार्ज पाहिजे. घरात एकच फोन असतो आणि बहुतेकदा तो नवऱ्याकडे. मिरची तोडायच्या हंगामात या भागातून माणसं तेलंगणात जातात. फोन त्यांच्यासोबत जातो आणि ओटीपी खम्ममच्या शेतात वाजतो. इकडे बाई पोर कडेवर घेऊन अंगणवाडीच्या दारात.

रजिस्टरच्या काळात आणि ऑफलाइन अ‍ॅपच्या काळात नेट नसेल तर नोंद थांबायची, आहार मिळायचा. नेटवर अडणाऱ्या पद्धतीत बाई थांबते. नेटवर्क नसण्याची किंमत कुणी मोजायची, हे इथं बदललं. अ‍ॅपच्या डिझाइनमधला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे आणि तो स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

मग तांत्रिक पर्याय नव्हतेच का? होते आणि आहेत. आधारच्या कागदावरचा सुरक्षित क्यूआर कोड पाहा. त्यावर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. त्यामुळे तो खरा की खोटा हे नेट नसतानाही तपासता येतं. म्हणजे ओळख पटवण्याला दर वेळी सर्व्हरला हाक मारावीच लागते असं नाही. चेहरा जुळवण्याचं कामही फोनमध्येच होऊ शकतं. फोनची कुलपं तशीच उघडतात. आणि जुळलं नाही तर? तर सेविकेला ‘ओळखते, दिलं’ असं नोंदवता आलं पाहिजे आणि त्याची तपासणी नंतर झाली पाहिजे. तीस-चाळीस घरांच्या पाड्यात सेविकेला प्रत्येक बाळंतीण नावाने माहीत असते.

‘अरे, पण आता ४जी येतंय ना?’

येतंय, आणि ही चांगली बातमी आहे. नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून जे टॉवर उभे राहिले ते २जीचे होते. म्हणजे देश ४जीकडे निघाला होता तेव्हा या भागाला नवीन टॉवर मिळाले तेही मागच्या पिढीचे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने अशा २,३४३ टॉवरना ४जी करायला मंजुरी दिली. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी यंत्रणेचं देशपातळीवर उद्घाटन झालं.

पण टॉवर उभा राहणं आणि रेंज कायम असणं यात फरक आहे. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास टिकते, मग डिझेल लागतं, आणि डिझेल रस्त्याने येतं. टॉवरपासून पुढे जिल्ह्याकडे जोडणी लागते : केबल, मायक्रोवेव्ह किंवा उपग्रह. पर्लकोटेला पूर येतो तेव्हा रस्ता, वीज आणि दुरुस्तीचा माणूस, तिन्ही एकाच दिवशी अडकतात. म्हणजे नेटवर्क जाण्याची शक्यता नेमकी तेव्हा सगळ्यात जास्त, जेव्हा आहार आणि आरोग्याची गरजही सगळ्यात जास्त.

४जीमुळे चांगले दिवस वाढतील. वाईट दिवसांसाठी अ‍ॅपच्या रचनेतच सोय असावी लागते. रस्ता डांबरी झाला म्हणून पावसाळ्याआधी धान्य पोचवणं कुणी बंद करत नाही.

थांबा, जुनं सगळं सोनं नव्हतं

इथपर्यंत वाचून वाटेल की मी जुन्याची वकिली करतेय. तर आता उलट बाजू.

पहिली गोष्ट, कॅसच्या काळातही बऱ्याच ठिकाणी सेविकांना मोबाइल आणि रजिस्टर दोन्ही भरावं लागायचं. काम कमी होण्याऐवजी दुप्पट. शिवाय ऑफलाइन पद्धतीच्याही अडचणी असतात. नोंदी सर्व्हरला जाण्याआधी फोन पाण्यात पडला तर त्या गेल्या. एकच नोंद दोन फोनवर बदलली तर कोणती खरी, हे ठरवावं लागतं. जिल्ह्याच्या साहेबांना आजचा आकडा आज दिसत नाही. हे सोडवता येणारे प्रश्न आहेत, पण त्यासाठी जास्त विचार आणि जास्त टेस्टिंग लागतं. ‘नेट असेलच’ असं धरून लिहिलेलं अ‍ॅप बनवायला स्वस्त असतं.

दुसरी गोष्ट भाषेची. कॅस मराठीत होतं म्हणून सेविकेला सोपं गेलं. पण तिच्या समोर बसलेली आई माडिया बोलते. त्या आईची भाषा ना जुन्या अ‍ॅपमध्ये होती ना नव्यामध्ये. तिच्यासाठी ‘जुने चांगले दिवस’ असं काही नाहीच.

तिसरं उदाहरण मराठी फाँटचं. तालुक्याच्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात जा. जुन्या कॉम्प्युटरवर पेजमेकर, श्रीलिपी नाही तर कृतिदेव अजून सापडेल. काम करणारे सांगतात, ‘त्या फाँटवर हात बसलाय, वेग येतो.’ हेही खरं आहे. पण या फाँटची एक मेख आहे. त्यात मराठी अक्षर साठवलंच जात नाही. इंग्रजी अक्षराच्या कोडवर फक्त मराठी चित्र बसवलेलं असतं. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलं तर फाइलमध्ये प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं असतात. फाँट काढा, शब्द संपला. सर्च होत नाही, मोबाइलवर दिसत नाही, कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर कचरा दिसतो.

युनिकोडने हे बदललं. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्या क्रमांकांची मांडणी भारताच्याच इस्की या जुन्या कोडवरून आली होती. हा लेख तुम्ही फोनवर वाचताय तो त्यामुळेच. आणि इथं भामरागडसाठी आणखी महत्त्वाचं काही घडलं : गोंडीच्या दोन लिप्या युनिकोडमध्ये आल्या, २०१७ मध्ये मसराम गोंडी आणि २०१८ मध्ये गुंजाळा गोंडी. मसराम ही मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ च्या सुमारास तयार केलेली लिपी. गुंजाळा लिपीची हस्तलिखितं तेलंगणातल्या आदिलाबाद भागातल्या गुंजाळा गावात सापडली. माडिया ही गोंडीच्या कुळातलीच भाषा. उद्या कुणाला आपली भाषा फोनवर तिच्या लिपीत लिहायची असेल तर जुना फाँट कामाचा नाही, नवी पद्धतच लागेल.

चौथं, सुरक्षितता. सपोर्ट संपलेल्या सिस्टिमवर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील हाताळणं धोक्याचं आहे. ‘आमचं विंडोज ७ मस्त चालतं’ हे गाण्यांच्या कॉम्प्युटरला ठीक. जिथं दाखले निघतात तिथं नाही.

आणि पाचवं, आमच्या क्षेत्रातलं लाडकं उदाहरण : टर्बो सी++. मी २०१५ मध्ये इंजिनिअरिंगला गेले तेव्हा १९९० च्या दशकातली ती निळी स्क्रीन लॅबमध्ये होती. आज मित्र त्या निळ्या रंगाच्या आठवणी काढतात. मला तो रंग आवडतो, पण त्यात शिकलेल्या बऱ्याच सवयी नंतर मोडाव्या लागल्या. मला त्यातली एकच गोष्ट परत हवी आहे : कॉम्प्युटर कितीही दरिद्री असो, ते उघडायचं आणि काम सुरू व्हायचं. लॉगिन नाही, अपडेट नाही.

मग नक्की काय परत हवं?

मला वाटतं, जुन्या सॉफ्टवेअरचं रूप परत मागायची गरज नाही. त्याची वागणूक परत मागायला हवी. आणि वागणूक तपासता येते. पुढच्या वेळी कुणी एखादं ‘सुपर’ अ‍ॅप दाखवलं, सरकारी असो की खासगी, तर हे करून बघा :

१. एअरप्लेन मोड लावा आणि अ‍ॅप उघडा. काय चालतं, काय अडतं? किमान तुमचीच जुनी माहिती दिसते का? नवी नोंद साठते का?

२. घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर टाका. आजीच्या, काकांच्या. फॉर्म अर्धा भरून कॅमेरा उघडा, परत या. भरलेलं शिल्लक आहे का?

३. नेट परत सुरू करा. अ‍ॅप स्वतःहून माहिती पाठवतं का? किती नोंदी जायच्या बाकी आहेत हे सांगतं का?

४. भाषा बदला. फक्त बटणं मराठी होतात की चूक झाल्यावर येणारे संदेशही? माणूस खरा अडतो तो त्या संदेशापाशी.

५. ‘नाही जमलं तर काय?’ हे विचारा. चेहरा जुळला नाही, ओटीपी आला नाही, तर पुढचा रस्ता आहे का? की तिथंच भिंत?

हे पाच प्रश्न विचारायला इंजिनिअर असायची गरज नाही. स्वतःसाठीही थोडी तयारी करता येते. गूगल मॅप्समध्ये आपल्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचं ऑफलाइन पॅक घ्या. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ फोनमध्येच एका फोल्डरमध्ये ठेवा. पावसाळ्याआधीचं धान्य, तेवढंच.

आणि तुम्ही कोडिंग शिकत असाल तर एक विनंती. पहिलं अ‍ॅप बनवाल तेव्हा माहिती आधी फोनमध्ये लिहा, मग सर्व्हरला पाठवा. हा क्रम सुरुवातीला ठरवला तर थोडंच काम वाढतं. अ‍ॅप पूर्ण झाल्यावर ‘ऑफलाइनचं पण बघू’ म्हणालात तर जवळपास सगळं पुन्हा लिहावं लागतं.

पर्लकोटेचं पाणी पुढच्या पावसाळ्यातही चढेल. तेव्हा भामरागडची एखादी सेविका म्हणाली की जुनं अ‍ॅपच बरं होतं, तर तिला मागासलेली म्हणण्याआधी विचारा : त्यात काय चालायचं जे आता चालत नाही? तिचं उत्तर लिहून घ्या. पुढच्या व्हर्जनचं पहिलं काम तेच आहे.